चार पॉइंट आठ

रविवारी सकाळी सात वाजता अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या एखाद्या गावात, देवळाच्या सभामंडपात पन्नासेक माणसं बाह्या सरसावून बसलेली दिसली, तर तिथे मारामारी होणार आहे असं समजू नये. ते संपूर्ण शरीर तपासणीचं शिबिर असतं. बाहेरच्या बॅनरवर ज्यांचा वाढदिवस त्या नेत्यांचा मोठा फोटो, शुभेच्छुक कार्यकर्त्यांचे डझनभर लहान फोटो आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, एक स्टेथोस्कोप. रक्तदाब मोफत, वजन मोफत, आणि बाकीच्या साठेक तपासण्या 'माफक दरात'.

खरी मेख त्या माफक दरात. एकट्या थायरॉईडची तपासणी करायला जावं तर तिचा भाव वेगळा. पण यकृत, मूत्रपिंड, चरबी, साखर, जीवनसत्त्वं असा सगळा ढीग उचलला की थायरॉईड जवळजवळ वर पडतं. पापलेटच्या वाट्यावर दोन बोंबील टाकून घेतल्याशिवाय कोळणीसमोरून न हलणाऱ्या माणसाला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. आपल्याला थायरॉईडचा काही त्रास आहे का, हा प्रश्न तिथे गौण.

कागद भरणाऱ्या मुलीने एका आजींना विचारलं, "आजी, काय त्रास होतो?"

"मना काय पन नाय झाला."

"मग तपासणी कशासाठी?"

"सून बोलली, सस्त्यात हाय."

मुलीने रकान्यात लिहिलं, 'सर्वसाधारण'.

थायरॉईडच्या तपासणीला खरं तर उपास लागत नाही. तो लागतो साखरेला आणि चरबीला. पण पॅकेज एकत्र, म्हणून उपासही सामुदायिक. रांगेत वाचायला एक पत्रक देतात. त्यावर थायरॉईड मंदावल्याची लक्षणं: थकवा, सुस्ती, उदास वाटणं, विसरभोळेपणा, केस गळणं, कोरडी कातडी, वजन वाढणं, बद्धकोष्ठ. नऊ वाजेपर्यंत चहा न मिळालेल्या माणसात यातली पहिली चार दिसतातच. उरलेली चार पन्नाशी देते. या यादीत स्वतःचं एकही लक्षण न सापडलेला माणूस रायगड जिल्ह्यात असलाच, तर तो अजून पाळण्यात असेल. यादीत 'थंडी सहन न होणे' असंही एक कलम असतं. ते मात्र गांभीर्याने घ्यावं. एप्रिल-मे महिन्यात या किनाऱ्यावर ज्याला थंडी वाजते, त्याला खरोखरच डॉक्टरची गरज आहे.

मग रक्ताच्या कुप्या थर्माकोलच्या डब्यात बसून मुंबईकडे निघतात. वडखळ, पेण, पनवेल. ज्या महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्या साली जन्मलेली पोरं दहावीच्या उंबरठ्यावर आली, त्यावरून भाऊंचं रक्त संध्याकाळच्या आत पोचतं, हा खरा वैद्यकीय चमत्कार. देशभरातलं रक्त एका जागी आणून यंत्रावर स्वस्तात तपासायची चालही रायगडच्या शेजारचीच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी करणारे आणि थायरॉईड याच विषयात पीएच.डी. मिळवलेले ए. वेलुमणी यांनी सरकारी नोकरी सोडून १९९६ साली भायखळ्यात 'थायरोकेअर' काढली. पुढे तिची मोठी प्रयोगशाळा नवी मुंबईत तुर्भ्याला उभी राहिली. सुरुवातीच्या काळात ही संप्रेरकं मोजणं हे किरणोत्सर्गी द्रव्यं हाताळणाऱ्या मोजक्या संस्थांचं काम होतं. ती मूळ पद्धत शोधल्याबद्दल रोझलिन यॅलो यांना १९७७ सालचं नोबेल मिळालं होतं. नोबेलपासून नेत्याच्या वाढदिवसापर्यंतचा हा प्रवास विज्ञानाने पन्नास वर्षांच्या आत केला.

भाऊ कोण ते सांगायचं राहिलं. थळच्या खत कारखान्यातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, नागावात नारळ-पोफळीची वाडी, मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या, आणि जेवल्यावर झोपाळ्यावर हक्काची दोन तासांची झोप. असे भाऊ मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही सापडतील, त्यामुळे कोणी अंगाला लावून घेऊ नये.

रात्री साडेनऊला भाऊंच्या फोनवर रिपोर्ट आला. बावीस पानं. त्यातली एकवीस पानं 'सगळं ठीक आहे' असं सांगणारी, त्यामुळे ती कोणी वाचली नाहीत. अकराव्या पानावर ठळक अक्षरात होतं: टीएसएच ४.८. बाजूला मर्यादा छापलेली, ४.२ पर्यंत. आणि वर तोंड केलेला एक लाल बाण.

आता टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक नव्हेच. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून. वाडीतला गडी शिंपणं नीट करत असला की ओटीवर बसलेला मालक हळू बोलतो. गड्याने अंग चोरलं की मालकाचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे मालकाचा आवाज. थायरॉईड हा गडी. गडी किंचित ढेपाळला तरी हा मालक दुप्पट ओरडतो, म्हणून डॉक्टर आधी आवाज मोजतात. भाऊंच्या रक्तात गड्याचं काम, म्हणजे टी-थ्री आणि टी-फोर, अगदी चोख होतं. मालक नुसता खाकरला होता. वैद्यकात या खाकरण्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात. एवढं लांबलचक नाव मिळाल्यावर आपण बरे आहोत असं कुठला माणूस कबूल करील?

त्या रात्री घराच्या चाळीस वर्षांच्या इतिहासाचं पुनर्लेखन झालं.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "तरीच दुपारी हाक मारली तरी उठत नाहीत."

"घरपट्टी भरायची विसरलो ना, ती ह्याच्यामुळे," भाऊ म्हणाले.

"दोन हजार आठची?"

"तेव्हापासूनच असणार. आत्ता सापडलं."

भाऊंच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं. माडांना पाणी न लावणं, मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात तोंड फिरवून बसणं, पंख्याचं बटण दुरुस्त करायचं चार पावसाळे लांबणीवर टाकणं, या सगळ्याला आता बावीस पानी पुरावा होता. "मी आळशी नव्हतोच गं," ते म्हणाले, "माझं टीएसएच वाढलेलं होतं." काकूंनी हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून स्वतःचंही रक्त द्यायचं ठरवलं. आळसाला घरात एकट्यानेच प्रमाणपत्र का मिळावं?

सकाळपर्यंत बातमी नातेवाइकांच्या गटावर गेली. पनवेलच्या मेहुण्याने कोबी आणि फ्लॉवर बंद करायला सांगितलं. भाऊंना कोबी आवडतच नव्हता, त्यामुळे वैद्यकशास्त्राबद्दल त्यांचा आदर वाढला. (शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.) न्यू जर्सीच्या भाचीने विचारलं, "मामा, अँटी-टीपीओ केलं का?" केलं नव्हतं. घरात शांतता पसरली. अमेरिकेत विचारतात ती तपासणी आपल्याकडे राहून गेली होती.

शेजारच्या एका अण्णांनी मात्र मुळालाच हात घातला. "मासे खाणाऱ्याला थायरॉईड होतंच कसं? समुद्रात सगळा आयोडीन!"

अण्णांचं अर्धं बरोबर होतं. समुद्रातल्या मासळीत आयोडीन असतं. पण समुद्राच्या मिठात ते असतं अशी जी पेण-उरणची मिठागरं बघून समजूत होते, ती खोटी. मिठात ते नावापुरतंच उतरतं, म्हणून वरून घालावं लागतं. खायच्या मिठात आयोडीन हवंच, हा नियम देशभर मे २००६ पासून पुन्हा लागू आहे. आणि अलीकडे शहरातून येणारे पाहुणे 'नैसर्गिक' म्हणून जे गुलाबी सैंधव डबीत घालून आणतात, त्यात निसर्गाने आयोडीन घालायचं जवळजवळ टाळलेलंच असतं. शिवाय आता आपल्याकडे थायरॉईड मंदावतं ते बहुतेक वेळा आयोडीन कमी पडून नव्हे, तर शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच ग्रंथीवर चालून गेल्यामुळे. देशातल्या आठ शहरांत पाच हजारांवर प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई, गोवा आणि चेन्नई या किनाऱ्यावरच्या ठिकाणी थायरॉईड मंदावलेले लोक निघाले साडेनऊ टक्के. दिल्ली, कोलकाता, हैदराबाद अशा आतल्या शहरांत पावणेबारा. मुंबई आणि गोव्याच्या मध्ये रायगड येतो, तेव्हा अण्णांनी हे आकडे स्वतःचा विजय म्हणून स्वीकारले. बायकांमध्ये प्रमाण जवळपास सोळा टक्के आणि पुरुषांमध्ये पाच, हे त्याच पाहणीतलं वाक्य त्यांनी काकूंना वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. भाचीने विचारलेली ती अँटी-टीपीओ, म्हणजे या फौजेचा रक्तात माग काढणारी तपासणी, हीही याच पाहणीत केली होती. पाचांतल्या एकाहून थोड्या जास्तच लोकांत ती पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यातले बरेच जण आपापल्या कामावर व्यवस्थित जात होते.

भाऊ अलिबागला डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी रिपोर्ट पाहिला, मान चाचपली, नाडी पाहिली, वय विचारलं आणि म्हणाल्या, "काही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करू."

"आणि गोळी?"

"नको."

"अर्धी?"

"नको म्हटलं ना, भाऊ."

बाहेर येऊन भाऊ हादरलेल्या आवाजात काकूंना म्हणाले, "फी घेतली आणि गोळी दिली नाही!" कोकणी माणूस एक वेळ चुकीचं औषध सहन करतो, पण औषधच नसणं हा त्याला अपमान वाटतो. अलिबागकराला अपमान गिळायची तशी सवय आहे. 'अलिबागसे आया है क्या' या वाक्यावर बंदी आणा म्हणून २०१९ साली कोणी उच्च न्यायालयात गेलं, तर न्यायालयाने मनाला लावून घेऊ नका असं सांगून याचिका काढून टाकली. पण भाऊंनी मनाला लावून घेतलं. परतताना त्यांनी दुसऱ्या घरी चालू असलेली थायरॉईडची गोळी उसनी मिळते का याची चौकशी केली. या किनाऱ्यावर विरजण, कोयता आणि रक्तदाबाची गोळी उसनी मिळते, मग हीच का नाही? सुदैवाने त्या घरच्या सुनेने स्पष्ट नकार दिला. अडुसष्टाव्या वर्षी गरज नसताना हे संप्रेरक घेतलं आणि जास्त झालं, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. उसन्या मालाची ही परतफेड महागात पडली असती.

बाईंनी गोळी दिली नाही त्यामागचा हिशोब सोपा आहे. प्रयोगशाळेची 'सामान्य मर्यादा' ठरते निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून. म्हणजे ठणठणीत शंभरांतले पाच जण प्रत्येक तपासणीत नापास होणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर सगळ्यांत पास होणारे निरोगी लोक उरतात शंभरांत छत्तीस. साठ केल्या तर पाचही नाहीत. लाल बाण हवाच असेल तर पॅकेज मोठं घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात टीएसएच हा तर लहरी प्रकार. रात्री आणि पहाटे चढतो, दुपारी उतरतो, म्हातारपणी बऱ्याच जणांचा थोडा वर सरकतो. एका प्रयोगशाळेची मर्यादा ४.२, दुसरीची ५. भाऊ चौकातल्या एका पाटीखाली आजारी होते आणि समोरच्या पाटीखाली ठणठणीत.

याच सुमारास पनवेलहून भाऊंच्या सुनेचा रिपोर्ट आला. तिचं टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-फोर उंच, म्हणजे सासऱ्याच्या बरोबर उलट. "दोघांची सरासरी काढली तर घर नॉर्मल आहे," भाऊ म्हणाले. सून मात्र रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "केसांसाठी काही घेता का?" घेत होती. केस गळतात म्हणून बायोटिनच्या कॅप्सूल. बायोटिन भरपूर घेतलं की काही यंत्रांचा गोंधळ होतो आणि नसलेलं थायरॉईड वाढलेलं दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशाराही दिला होता. कॅप्सूल थांबवून पुन्हा रक्त दिलं, सगळं जागेवर. थोडक्यात, केस गळतात म्हणून थायरॉईड तपासायला जावं, तर केसांसाठी घेतलेली कॅप्सूलच थायरॉईड 'बिघडवते'. इतकी सुबक फजिती प्रस्तुत लेखकाला बसून रचताही आली नसती.

काकूंचा रिपोर्ट नॉर्मल आला. घरात याचं कोणी अभिनंदन केलं नाही. त्यांचं वजन गेल्या दहा वर्षांत सतरा किलोंनी वाढलं होतं आणि त्या रिपोर्टवर त्यांची भिस्त होती. थायरॉईड खरोखर मंदावलं तरी त्यापायी वजन वाढतं साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातलाही बराच भाग मीठ-पाण्याचा. बाकीच्या साडेबारा किलोंचा जाब घावन, नारळाचा रस आणि पर्यटकांसाठी केलेले उरलेले मोदक यांनाच द्यावा लागला असता.

भाऊंसारख्यांना गोळी दिली तर काय होतं, हेही करून पाहून झालं आहे. युरोपात पासष्टीच्या पुढच्या, टीएसएच किंचित वाढलेल्या ७३७ लोकांतल्या निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी दिली. २०१७ साली निकाल आला: वर्षभरानंतर टीएसएच उतरलं, पण थकवा दोन्हीकडे होता तेवढाच. झोपाळ्यावरची झोप गोळीने जात नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ कार्यदलाने २०१५ साली म्हटलं की काहीही त्रास नसलेल्या प्रौढांची सरसकट थायरॉईड तपासणी करावी की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही. कॅनडाच्या कार्यदलाने २०१९ साली सरळ करू नका असं सांगितलं. दक्षिण कोरियाने तर याच ग्रंथीच्या सोनोग्राफीची हौस करून पाहिली. इतर तपासण्यांबरोबर थोडे पैसे टाकले की मानेची सोनोग्राफीही वर पडायची. २०११ पर्यंत तिथे थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं, आणि त्या रोगाने मरणाऱ्यांचा आकडा होता तिथेच राहिला. हजारो लोकांच्या माना मात्र कापून शिवून झाल्या.

तीन महिन्यांनी भाऊंनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ३.६. म्हातारपणी किंचित वाढलेलं टीएसएच पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांचं असं आपसूक खाली येतं. भाऊंचा चेहरा पडला. काकूंनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, "मग आता दुपारी झोपता ते कशामुळे?"

आता राहिली ती भाऊंना उसनी गोळी नाकारणारी, दुसऱ्या घरची सून. आदल्या वर्षीच्या शिबिराच्या दिवशी शंभर माणसांचे पोहे तिनेच केले होते, म्हणून तिला रांगेत बसायला सवड झाली नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्ष झालं तरी ती थकलेलीच असायची. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, एप्रिलमध्ये अंगात स्वेटर. आवाज इतका घोगरा झाला की खोलीचं बुकिंग करणारे पर्यटक फोनवर तिला 'काका' म्हणायला लागले. सासू म्हणाली, बाळंतपणानंतर असंच असतं. नवरा म्हणाला, पोहे छान झालेत. हात भाजला म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरांनी भाजलेल्या हाताची नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही, कारण ठोके पन्नासच्या आत होते. टीएसएच निघालं बावन्न. लाल बाणाची गरजच नव्हती.

तिला गोळी लागू पडली, पण गोळी घेणं ही त्या घरात क्रांती ठरली. सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास चहा नाही. ज्या घरात साडेपाचला सगळ्यांचा चहा तिच्याच हातून होतो आणि पहिला घोट तिनेच चाखून साखर बघायची असते, तिथे हे डॉक्टरला बोलायला सोपं. पहिल्या आठवड्यात गोळी चहाबरोबर गेली. दुसऱ्या आठवड्यात सासूने प्रेमाने आपली कॅल्शियमची गोळी तिच्यापुढे ठेवली. या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं, एकत्र गेल्या की कॅल्शियम दुसरीला शरीरात नीट शिरू देत नाही. मग डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगितलं. पण पर्यटकांचं जेवण उरकून ती स्वतः जेवायची अकराला. शेवटी नवरा उठून साडेपाचचा चहा करायला लागला. चहा बेताचा होतो, पण तिचं टीएसएच आता मर्यादेत आहे आणि फोनवर तिला पुन्हा 'ताई' म्हणतात.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. नवजात बाळाची थायरॉईड तपासणी टाळू नका. तिथे काही आठवड्यांचा उशीरसुद्धा बाळाच्या मेंदूला महागात पडतो. गरोदर असाल, नुकतं बाळंतपण झालं असेल, मानेला गाठ असेल, घरात कोणाला थायरॉईडचा आजार असेल किंवा त्या सुनेसारखी लक्षणं असतील, तर वाढदिवसाच्या शिबिराची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. काहीच होत नसताना रिपोर्टवर एखादा बारीकसा बाण आला, तर दोन-तीन महिन्यांनी रक्त पुन्हा द्या, आणि त्याआधी केसांची कॅप्सूल चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. आणि ज्यांची गोळी डॉक्टरांनी चालू केलेली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये.